स्वतःचं इलेक्ट्रिकचं काम सुरू करताय? तासाचा दर असा काढा

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी फोनवर विचारतं, "तासाचे किती घेता?" उत्तर तयार नसतं. मग नोकरीत तासाला जेवढे पडायचे त्यात थोडे वाढवून एक आकडा तोंडातून निघून जातो. समोरचा "बरं, या" म्हणतो, आणि तोच आकडा पुढची दोन वर्षं मानगुटीवर बसतो. कारण त्याने तो शेजाऱ्याला सांगितलेला असतो, शेजाऱ्याने त्याच्या भावाला.

मीही सुरुवातीला असाच एक आकडा सांगून बसलो होतो. कामं भरपूर होती, दिवस भरलेला असायचा, आणि महिनाअखेर हातात नोकरीपेक्षा कमी पडायचे. बरेच दिवस मला वाटत होतं की आपण काम सावकाश करतो. मग एका रविवारी वही घेऊन बसलो तेव्हा कळलं. नोकरीत मालक माझे आठही तास विकत घेत होता, अगदी गाडीत बसलेले आणि दुकानात सामानाची वाट बघत उभे राहिलेले तासही. आता गिऱ्हाईक फक्त तेवढेच तास घेतं जेवढे मी त्याच्या घरात काम करतो. बाकीच्या तासांचे पैसे याच तासांतून निघायला हवेत. दर काढायचा म्हणजे हे गणित मांडायचं.

एक संध्याकाळ, एक वही आणि कॅल्क्युलेटर एवढंच लागतं. खालच्या उदाहरणात आकडे सोपे घेतले आहेत आणि त्यांना चलन मुद्दाम लावलेलं नाही. त्यांच्या जागी तुमचे घाला.

आधी स्वतःचा पगार लिहा

धंद्यातून "उरेल ते आपलं" असं धरून चालू नका. उरत नाही. तुमचा पगार हा धंद्याचा पहिला खर्च आहे, म्हणून तो सगळ्यात वर लिहायचा.

समजा नोकरीत तासाला 100 पडत होते, आठवड्याला 48 तास, आणि रजा पगारी होत्या. 100 × 48 × 52 म्हणजे वर्षाचे 2,49,600. सोयीसाठी 2,50,000 धरू. हा आकडा आयकर कापण्याआधीचा घ्या, कारण तो कर आता तुम्हालाच भरायचा आहे.

याच्या खाली दुसरी ओळ: मालक तुमच्यासाठी परस्पर जे भरत होता ते. विमा, निवृत्तीसाठी साठणारी रक्कम, कामाचे कपडे, बूट. पगाराच्या पाकिटात हे दिसत नव्हतं, म्हणून बहुतेक जण विसरतात. उदाहरणात 30,000 धरतो.

मग धंद्याचा खर्च, पण वर्षाचा

महिन्याचा खर्च लिहायला बसलात तर वर्षातून एकदा येणारे खर्च निसटतात, आणि नेमके तेच मोठे असतात. म्हणून वर्षाचाच हिशेब करा. गाडी आणि इंधन, गाडीची दुरुस्ती, धंद्याचा विमा, परवान्याचं नूतनीकरण, फोन, हिशेबनीस, सामान ठेवायला जागा घेतली असेल तर तिचं भाडं.

हत्यारांचा हिशेब वेगळा करावा लागतो. एखादं यंत्र 12,000 ला घेतलं आणि तीन वर्षं चालेल असा अंदाज असेल, तर वर्षाला 4,000 लिहा. सगळ्या मोठ्या हत्यारांचं असंच करा: हॅमर ड्रिल, भिंत कापायचं मशीन, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं उपकरण). मेगरसारख्या मोजमापाच्या उपकरणाचं दर वर्षी कॅलिब्रेशन करून घेणं हा सर्वसाधारण रिवाज आहे, त्याचे पैसेही इथेच येतात. मल्टिमीटर स्वस्तातला घेऊन खर्च कमी दाखवू नका. डीबीवर, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीवर, काम करताना निदान कॅट 3 वर्गाचा मीटर हातात हवा (विजेचा अचानक आलेला झटका मीटर किती सोसेल, ते हा वर्ग सांगतो). सप्लाय जिथून घरात येतो तिथे कॅट 4. यात काटकसर करायची नाही, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

ड्रिल बिट, कटिंग ब्लेड, टेप, लग, स्क्रू, प्लग हे हळूहळू संपत जातं आणि बिलात कुठेच येत नाही. दोन महिने याच्या पावत्या एका डब्यात टाका, मग सहाने गुणा. पहिल्यांदा हा आकडा बघून धक्का बसतो.

शेवटी बुडीत पैशांसाठी एक ओळ ठेवा. कुणी ना कुणी पैसे देणार नाही. उदाहरणात सगळा धंद्याचा खर्च मिळून 70,000 धरू.

बेरीज: 2,50,000 + 30,000 + 70,000 = 3,50,000. एवढे वर्षाला यायलाच हवेत.

आता मोजा, किती तास विकले जातात

इथे घाई करू नका. सगळा दर या एका आकड्यावर उभा आहे.

वर्षाचे 52 आठवडे. त्यातले सण, सुट्ट्या, आजारपण, घरातली कार्यं, गाडी गॅरेजमध्ये असलेले दिवस मिळून चार आठवडे काढा. उरले 48. आठवड्याला सहा दिवस म्हणजे 288 दिवस, रोजचे आठ तास म्हणजे 2,304 तास. नवा माणूस इथेच थांबतो आणि 3,50,000 ला 2,304 ने भागतो. येतात 152. वाटतं, पगार होता 100, आता 152 मिळणार, छान झालं. वर्षभराने तोच माणूस कर्ज काढून गाडीचे टायर बदलतो.

आता एक खरा दिवस बघा. सकाळी पहिल्या घरी पोचायला 40 मिनिटं. तिथे डीबीचं झाकण उघडल्यावर कळतं की 20 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) लागणार आणि पिशवीत 16 चा आहे. दुकानात जाऊन यायला 35 मिनिटं. दुपारी दुसऱ्या घरी जायला 25. मधे एका गृहस्थाला काम बघून अंदाज सांगायचा होता, त्याचा पाऊण तास, आणि तो "कळवतो" म्हणाला. घरी परत यायला 25 मिनिटं. रात्री बिलं आणि फोन. सकाळपासून पायाला उसंत नव्हती, तरी प्रत्यक्ष काम जेमतेम पाच तास झालं. माझ्या वहीत सुरुवातीचे बहुतेक दिवस असेच आहेत.

म्हणून 288 दिवस गुणिले पाच तास, 1,440. पहिल्या वर्षात काही दिवस कामच नसतं. आठातला एक दिवस रिकामा धरा, म्हणजे उरले 252 दिवस, 1,260 तास. आणि फुकट परत जावं लागतं तेही असतं, आपण लावलेला स्विच सैल निघाला म्हणून जाऊन घट्ट करून येणं. ते तास कुणाला लावायचे नसतात. 1,250 धरू.

तुमचा आकडा वेगळा येईल. नव्या इमारतीत महिनाभर एकाच ठिकाणी काम करणाऱ्याचे तास जास्त विकले जातात. घरोघरी दुरुस्तीला फिरणाऱ्याचे कमी. अंदाज नको असेल तर चार आठवडे नोंद ठेवा: घरातून निघालो, पोचलो, काम सुरू, काम बंद. फोनमध्ये चार वेळा टाका, बास. इतकी साधी नोंद, पण तिच्याइतकं मला दुसऱ्या कशानेही शिकवलेलं नाही.

भागाकार, आणि त्यावर नफा

3,50,000 ÷ 1,250 = 280.

हा तुमचा मूळ दर. याच्या खाली गेलात तर तुम्ही स्वतःच्या पगारातून गिऱ्हाईकाला पैसे देताय. याच्यावर नफा. पगार तर आपण घेतलाच, मग नफा कशाला, असं काहींना वाटतं. पगार तुमच्या श्रमाचा असतो. नफ्यातून नवी गाडी, महागडं टेस्टर आणि मंदीचे तीन महिने निघतात.

विक्रीच्या दहा टक्के नफा हवा असेल तर 280 ला 0.9 ने भागा. येतात 311. 280 वर दहा टक्के चढवले तर 308 येतात, आणि ते विक्रीच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी भरतात. इथे फरक लहान आहे, सामानाच्या हिशेबात तो मोठा होतो, तिथे परत सांगतो. आपण दर 310 धरू. अप्रत्यक्ष कर लावायची नोंदणी असेल तर तो यावर वेगळा, आणि दर सांगतानाच "कर वेगळा" की "करासकट" हे सांगायचं.

जुन्या पगाराच्या तिपटीहून जास्त! हा आकडा तोंडातून काढायला जड जातं, मला माहीत आहे. पण वहीत बघा: यातली एकही ओळ चैनीची नाही.

एवढ्यात कुणीतरी म्हणेल, "दहा टक्के तरी कमी करा." 310 चे दहा टक्के गेले की उरले 279. म्हणजे गिऱ्हाईकाला थोडीशी वाटणारी सूट तुमचा पूर्ण नफा घेऊन गेली आणि पगारालाही हात घातला. सूट द्यायचीच असेल तर कामातलं काहीतरी कमी करून द्या.

बाजारात जास्त वाटतोय? मग तास वाढवा

दर काढून झाल्यावर आसपासचे इलेक्ट्रिशियन काय घेतात ते बघा. खोटं गिऱ्हाईक बनून फोन करणारे असतात, तसं करू नका. सरळ विचारा. सामानाच्या दुकानात रोज भेटणारी माणसं बहुतेक वेळा सांगतात, आणि पुढे तीच माणसं जास्तीचं काम तुमच्याकडे पाठवतात.

तुमचा आकडा खूप वर निघाला तर पगाराची ओळ गुपचूप कमी करायचा मोह होईल. त्याआधी हे बघा. खर्चाचे 70,000 दहा टक्क्यांनी घटवायला वर्षभर जीव काढला, तर तासामागे साडेपाचच्या आसपास वाचतात. तेच रोजचा फक्त अर्धा तास जास्त विकला गेला तर 252 दिवसांत 126 तास वाढतात, 1,250 चे 1,376 होतात आणि मूळ दर 280 वरून 254 वर येतो. जवळपास पाचपट फरक.

तो अर्धा तास वरच्या दिवसातच सांडलेला आहे. निघण्याआधी गिऱ्हाईकाकडून डीबीचा, झाकण बंद ठेवून, आणि बिघडलेल्या जागेचा फोटो मागवा. गाडीत 6, 10, 16, 20 आणि 32 चे एमसीबी, नेहमीचे स्विच, सॉकेट, होल्डर, कनेक्टर ठेवा. एका भागातली कामं एकाच दिवशी घ्या. लहान कामाचा अंदाज फोटोवरूनच सांगा. मोठ्या कामासाठी बघायला जायचे पैसे घ्या आणि काम मिळालं तर बिलातून वजा करा. जो माणूस खरंच काम करून घेणार आहे तो याला कधी ना म्हणत नाही.

छोटं काम आणि पहिला तास

स्विच बदलायचा आहे, वीस मिनिटांचं काम. जाऊन यायला 80 मिनिटं. तासाच्या दराने वीस मिनिटांचे लावले तर 103 होतात. आपल्या हिशेबात रोजचा दीड तास प्रवास पाच विकलेल्या तासांवर पसरला आहे, म्हणजे तासामागे 18 मिनिटं. वीस मिनिटांच्या वाट्याला येतात सहा. लागले 80.

म्हणून किमान आकार हवा. सगळ्यात सोपी पद्धत: पहिला तास पूर्ण लागतो, त्यापुढे दर पंधरा मिनिटांचे. दुसरी पद्धत, फेरीचे ठराविक पैसे आणि शिवाय काम केलेल्या वेळेचे. फेरीचे पैसे वेगळे घेणार असाल तर एक पथ्य पाळा: प्रवासाचे पैसे वरच्या हिशेबात दरात बसवले आहेत, तेव्हा दर तेवढा खाली आणा. एकाच प्रवासाचे पैसे दोनदा लागले तर ते बरोबर नाही, आणि हिशेबी गिऱ्हाईकाच्या ते लक्षातही येतं.

फोनवरच सांगा, "पहिला तास एवढा, मग दर पंधरा मिनिटांना एवढे. तासाभरात आणखी काही बारीकसारीक असेल तर काढून ठेवा, ते त्यातच करून देतो." लोक खूश होतात. गीझरचा लुकलुकणारा इंडिकेटर, गॅलरीतला कधीचा बंद दिवा, सगळं एकदमच निघतं.

तासावर की उक्तं?

नवा माणूस सगळ्यात जास्त मार इथे खातो. माझा नियम असा की जे दिसतं ते उक्तं, जे दिसत नाही ते तासावर.

पंखे लावणं, दिवे बसवणं, ठरलेल्या जागी नवे पॉइंट काढणं हे दिसतं. गिऱ्हाईकालाही एकच रक्कम ऐकायला बरं वाटतं. पण उक्त्याच्या पोटातही तासाचा दर असतोच: आधी तास काढायचे, 310 ने गुणायचे, मग सामान मिळवायचं. तास काढताना तीन आकडे लिहा. सगळं सरळ गेलं तर, बहुतेक वेळा लागतात ते, आणि सगळं अडलं तर. समजा 8, 10 आणि 18. मधल्याला चारने गुणा, तिन्ही मिळवा, सहाने भागा: (8 + 40 + 18) ÷ 6 = 11. मनात दहा होते, पण अकरा लिहायचे. बांधकामापासून इतर अनेक ठिकाणी अंदाजासाठी ही रीत वापरतात आणि आपल्या कामालाही ती बसते.

हे सुरुवातीला मला माहीत नव्हतं. एका जुन्या घराचं वायरिंग मी तीन दिवसांत होईल म्हणून उक्तं घेतलं. जुन्या पाइपांतून नव्या वायरी ओढायच्या होत्या. पहिल्या खोलीत वायर सरकली. दुसऱ्या खोलीत फिश वायर, म्हणजे पाइपातून वायर ओढायची लवचीक तार, दोन हात गेली आणि अडली. पाइप कधीतरी चेपला होता आणि आत सिमेंटचं पाणी जाऊन घट्ट झालं होतं. पुढची भिंत तशीच. शेवटी भिंती कापून नवे पाइप टाकले, सहा दिवस गेले, आणि पैसे तीन दिवसांचेच मिळाले. शब्द दिला होता, तो पाळला. तेव्हापासून जुन्या घराचं काम उक्तं घेण्याआधी प्रत्येक खोलीतल्या एका तरी पाइपातून मी फिश वायर घालून बघतो, आणि अंदाजपत्रकावर लिहितो: "पाइप मोकळे आहेत असं धरून. बंद निघाल्यास त्या भिंतीचं काम तासावर." प्लास्टर आणि रंग आपल्याकडे नाही हेही लिहितो. वाढीव पॉइंट सांगितला की हात लावण्याआधी मेसेज करतो, "हा एक जादा, एवढे होतील," आणि होकार आला की सुरू.

फॉल्ट शोधणं मात्र कायम तासावरच. आरसीसीबी (वीज कुठे गळली की सप्लाय तोडणारा स्विच) मधूनच पडतो, ही तक्रार घ्या. एकेक एमसीबी बंद करून बघितला, तरी पडतोय. नवखा इथे गोंधळतो. एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागला असेल तर एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो. मग मेन बंद करून न्यूट्रल एकेक सोडवायचा, मेगर लावायचा, सर्किट सापडलं की ते मधोमध तोडून कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं, परत त्याचं अर्धं. एकदा असंच अंगणातल्या दिव्यापर्यंत पोचलो. डबीत पाणी साचलं होतं. शोधायला दोन तास चाळीस मिनिटं, आणि डबी बदलून जोड नीट करायला वीस. गिऱ्हाईकाला शेवटची वीसच मिनिटं दिसली. म्हणून शोधत असताना काय तपासलं, किती रीडिंग आलं, ते कागदावर लिहीत जायचं आणि बिलासोबत द्यायचं. अशा कामाला आधीच मर्यादाही सांगा: "दोन तास शोधतो. तोवर नाही सापडलं तर थांबून तुम्हाला विचारतो." तासावर म्हटलं की लोकांना मीटर पळत राहण्याची भीती असते, ती यामुळे जाते.

तपासणीचा वेळ कापू नका

दर कमी पडला की सगळ्यात आधी तपासणी गळते, कारण ती न केल्याचं कुणाला दिसत नाही. नवं वायरिंग झाल्यावर सप्लाय देण्याआधी अर्थ सलग आहे का, फेज आणि न्यूट्रल जागच्या जागी आहेत का, आणि इन्सुलेशन किती आहे हे बघावंच लागतं. घरगुती 230 व्होल्टच्या सर्किटला 500 व्होल्ट डीसीवर मेगर लावायचा आणि किमान 1 मेगाओम मिळायला हवा. त्याआधी इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवून ठेवायच्या, नाहीतर त्या जळू शकतात. मग 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी टेस्टरने पाडून बघायचा. साध्या प्रकारचा, तेवढ्या गळतीला 0.3 सेकंदाच्या आत पडला पाहिजे. पूर्ण घराला यात अर्धा दिवस सहज जातो. अंदाजपत्रकात "तपासणी" अशी वेगळी ओळ टाका आणि तिचे तास लावा. त्या ओळीवर घासाघीस करू देऊ नका. त्या घरात लहान मुलं राहणार असतात.

सामान

सामानावर काही मिळवणं गैर आहे असं मला वाटत नाही. तुम्ही ते निवडता, आणता, तुमचे पैसे अडकतात, आणि एमसीबी महिन्यात खराब निघाला तर फेरी तुम्हीच मारता. आता मघाचा फरक. 10,000 च्या सामानावर 20 टक्के चढवले की बिल 12,000 चं होतं, आणि त्यात तुमचे 2,000 म्हणजे बिलाच्या पावणेसतरा टक्क्यांहूनही कमी. बिलाच्या 20 टक्के हवे असतील तर 10,000 ला 0.8 ने भागा, 12,500. वर्षभराच्या सामानावर हा फरक एखाद्या चांगल्या टेस्टरएवढा भरतो. सामान सुरुवातीला आगाऊ पैसे घेऊनच आणा.

गिऱ्हाईक स्वतः सामान आणणार असेल तर आणू द्या. मजुरी तीच, सामानाची हमी त्याची. पण वायर बारीक असेल किंवा मालावर शिक्काच नसेल तर मी ती बसवत नाही.

रात्र, सुट्टी आणि मदतनीस

रात्री दीडपट, सुट्टीच्या दिवशी दुप्पट, असं मी घेतो. आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण निघण्याआधी फोनवर सांगा. ठिणग्या उडताहेत, जळका वास येतोय असा फोन असेल तर दराची गोष्ट नंतर. आधी मेन बंद करायला सांगायचं, तिथे हात लावू नका म्हणायचं. या सल्ल्याचे पैसे घ्यायचे नसतात.

मदतनीस ठेवलात की त्याचेही विकले न जाणारे तास तुमच्याच अंगावर येतात. त्याच्या रोजाला आठने भागून दर लावला तर तोट्यात जाल. वरचाच हिशेब त्याच्यासाठी पुन्हा मांडा आणि "दोघांचा तास एवढा" असा एकच दर सांगा.

दर सांगताना

आकडा सांगा आणि थांबा. "जास्त वाटेल तुम्हाला, पण..." असं पुढे जोडलं की समोरच्याला आपोआप जास्त वाटतो. कुणी म्हणेल, "दादा, दुसरा तर निम्म्यात करतो." त्याला वाईट बोलू नका. आपल्या दरात काय येतं ते सांगा: तपासणी, लेखी नोंद, आणि काही झालं तर परत येणं. नाही पटलं तर नाही. ओळखीच्यांसाठी सूट द्यायची असेल तर बिलात पूर्ण दर लिहा आणि सूट खाली वेगळी दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी पूर्ण दर हाच दर असेल.

अंदाजपत्रक लेखी द्या, त्यावर ते किती दिवस लागू आहे तेही लिहा. मी 30 दिवस लिहितो. मोठ्या कामाचे पैसे टप्प्यांत: सुरुवातीला सामानाचे, पाइप आणि वायरिंग झाल्यावर दुसरा हप्ता, तपासणी दाखवल्यावर उरलेले.

दर बदलताना

पहिल्या तीन महिन्यांनी वही उघडा. खरंच किती तास विकले गेले? 1,250 च्या हिशेबाने तीन महिन्यांत 312 व्हायला हवे होते. 250 झाले असतील तर तुमचा मूळ दर 280 नाही, 350 आहे. एकतर तास वाढवा नाहीतर दर. दहा अंदाजपत्रकं दिली आणि दहाही जणांनी लगेच होकार दिला असेल, तरी दर कमी आहे असं समजा. त्यापुढे वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, सगळ्या ओळी नव्याने लिहा.

नेहमीच्या गिऱ्हाईकांना महिनाभर आधी साधा मेसेज पुरतो: "पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून माझा तासाचा दर इतका असेल. त्याआधी दिलेली अंदाजपत्रकं आणि सुरू असलेली कामं जुन्याच दराने पूर्ण करून देईन." आणि ज्याचं काम अर्धवट आहे त्याच्या बिलात चुकूनही नवा दर जाणार नाही, हे स्वतः बघा.